मिक्सिंग आता घरच्या घरी: साधं सॉफ्टवेअर की व्यावसायिक?

चित्रपटाच्या रंगांवर अखेरचा हात फिरवणारी ‘दा विंची’ ही यंत्रणा 2009 पर्यंत लाखो डॉलर मोजू शकणाऱ्या स्टुडिओंनाच परवडायची. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने दा विंची कंपनीच विकत घेतली. 2010 मध्ये मॅकवर चालणारं ‘दा विंची रिझॉल्व्ह’ 995 डॉलरला बाजारात आलं आणि 2011 मध्ये त्याची मोफत आवृत्तीही. पुढे त्यात एडिटिंग आलं, आवाजाचं काम आलं, स्पेशल इफेक्ट्स आले. 2017 मध्ये पूर्ण आवृत्तीची किंमत 299 डॉलरवर उतरली. मोफत आवृत्ती आजही मिळते आणि तिच्यातून फोर-के दर्जाचा व्हिडिओ बाहेर काढता येतो.

त्यामुळे हौशी माणसापुढचा प्रश्नच बदलला. पूर्वी व्यावसायिक सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून साधं घ्यायचं, एवढा सरळ हिशोब होता. आता किल्ले भटकणारा ट्रेकर, सोसायटीच्या गणेशोत्सवाचं शूटिंग करणारा कार्यकर्ता, घरातल्या जुन्या कॅसेट्स संगणकावर उतरवून घेणारे आजोबा, अशा सगळ्यांच्या हाताशी दोन्ही प्रकारची साधनं आहेत. घ्यायचं कोणतं, हे ठरवायला पैशाचा निकष पुरत नाही.

एक गैरसमज आधी दूर व्हायला हवा. व्यावसायिक सॉफ्टवेअर वापरलं म्हणून चित्र सुंदर होत नाही. ॲपलच्या आयमूव्ही या साध्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेला आणि ॲडोबीच्या प्रीमिअर प्रो या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये जोडलेला तोच शॉट पडद्यावर जवळपास सारखाच दिसतो. फरक आहे तो कामावरच्या ताब्यात, फुटेजच्या आकारमानात आणि देवाणघेवाणीत.

ताबा म्हणजे काय, ते कीर्तनाच्या साध्या शूटिंगमध्येही कळतं. मंदिराचा कळस दिसतोय, अजून बुवा दिसलेले नाहीत, पण पखवाज ऐकू येऊ लागलाय. दोन सेकंदांनी चित्र सभामंडपात शिरतं. आवाज आधी, चित्र मागून. आयमूव्हीतही हे जमतं: क्लिपचा आवाज वेगळा करायचा, ओढायचा, बसवायचा. मात्र अशा तीस जागा असतील आणि मधलाच एक शॉट लांबवायचा ठरला, तर काय? व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये एक शॉट लांबवून पुढची सगळी टाइमलाइन (क्लिप्स ओळीने मांडलेली पट्टी) तेवढीच सरकवायची, की शेजारच्या शॉटमधून तेवढाच भाग खायचा, हे दोन वेगळ्या हत्यारांनी ठरवता येतं. आवाज आणि चित्र एकमेकांपासून सुटले तर किती फ्रेम सुटले, तो आकडाही क्लिपवर दिसतो.

साध्या सॉफ्टवेअरच्या मर्यादा बहुतेक वेळा मुद्दाम आखलेल्या असतात. आयमूव्हीत मुख्य चित्राच्या वर एका वेळी आणखी एकच क्लिप ठेवता येते. नवशिक्याच्या हातून गोंधळ होऊ नये म्हणून हे कुंपण घातलेलं आहे, आणि सहलीच्या पाच मिनिटांच्या फिल्मला ते कुठेही आडवं येत नाही. आडवं येतं ते हौशी नाट्यसंस्थेला. एकांकिकेचा प्रयोग तीन फोनवर तीन कोनांतून टिपला असेल, तर तिन्ही क्लिप्स आवाजावरून जुळवून, टिपलेला प्रयोग संगणकावर चालू असताना बटणं दाबत कोन बदलण्याची सोय हवी. तिला मल्टिकॅम म्हणतात. ती आयमूव्हीत नाही. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत आहे. सायबरलिंकचं पॉवरडायरेक्टर मुळात घरगुती वापरासाठीचं, पण त्यातही ती मिळते. म्हणजे खोक्यावर ‘व्यावसायिक’ लिहिलंय की ‘घरगुती’, यापेक्षा आपल्याला लागणारी नेमकी सोय आत आहे का, हे पाहावं.

या दोन जगांमधली भिंत किती पातळ आहे, हे रँडी युबिलोस या एकाच माणसाच्या कामावरून दिसतं. 1991 मध्ये आलेल्या ॲडोबी प्रीमिअरच्या पहिल्या आवृत्त्या त्यांनी घडवल्या. नंतर मॅक्रोमीडिया कंपनीत त्यांच्या गटाने सुरू केलेलं सॉफ्टवेअर ॲपलने घेतलं आणि 1999 मध्ये ते फायनल कट प्रो म्हणून आलं. त्याच वर्षी ॲपलने हौशी लोकांसाठी आयमूव्हीही आणलं. 2007 मध्ये युबिलोस यांनीच आयमूव्ही नव्याने मांडलं, तेव्हा नेहमीची टाइमलाइन गायब झालेली पाहून हौशी मंडळी इतकी वैतागली, की ॲपलने जुनी आवृत्ती फुकट उतरवून घेण्याची सोय केली. जून 2011 मध्ये याच नव्या मांडणीच्या विचारांवर बेतलेलं फायनल कट प्रो टेन आलं आणि आता वैतागायची पाळी व्यावसायिकांची होती. जुने प्रोजेक्ट उघडत नव्हते, मल्टिकॅम नव्हतं, साउंड स्टुडिओला टाइमलाइन पाठवायची सोय नव्हती. ‘हे तर आयमूव्ही प्रो’ अशी हेटाळणी झाली. यातल्या बऱ्याच सोयी पुढच्या काही महिन्यांत परत आल्या. तोवर अनेकजण प्रीमिअरकडे गेले होते.

त्या वैतागातून व्यावसायिकांची खरी गरज उघडी पडली. त्यांना सॉफ्टवेअर लागतं ते काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासाठी. एडिटरने कापलेली टाइमलाइन आवाजवाल्याकडे, मग रंगवाल्याकडे जाते आणि दुरुस्त्या होऊन परत येते. त्यासाठी एक्सएमएल, ईडीएल, एएएफ अशा देवाणघेवाणीच्या फाइल्स असतात. एकटाच शूट करणारा, एकटाच कापणारा आणि स्वतःच यूट्यूबवर टाकणारा हौशी माणूस या सोयींना बहुधा हातही लावत नाही. पण लघुपट बनवणाऱ्या चार मित्रांमध्ये एकजण संगीतकार असेल आणि तो वेगळ्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल, तर पहिल्याच दिवशी त्या लागतात.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, या प्रश्नाचं आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी स्वतःपुरतं उत्तर केव्हाच शोधलं आहे. भारतभरातल्या मिक्सिंग लॅबमध्ये, म्हणजे असे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओंमध्ये, एडियस हे सॉफ्टवेअर घट्ट रुजलं. मूळ जपानच्या कॅनोपस कंपनीचं हे सॉफ्टवेअर पुढे ग्रास व्हॅलीकडे गेलं. लग्नात दोन-तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज येतं, वर ड्रोनचं, वर मामाच्या फोनमधलं. हा सगळा भेळमिसळ माल न बदलता टाइमलाइनवर टाकावा आणि तो न अडखळता चालावा, ही एडियसची जुनी ख्याती. लग्नसराईत एकामागून एक कार्यक्रम निपटणाऱ्या माणसाला याहून मोठं आकर्षण कोणतं?

अडखळण्याचं कारण समजून घेतलं तर निम्मा निर्णय होतो. फोन व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त बदल. दूधवाल्याच्या वहीत रोजचा हिशोब न लिहिता ‘कालच्यासारखंच, फक्त अर्धा लिटर जास्त’ एवढंच लिहीत गेलं, तर जागा वाचते. पण सतरा तारखेला दूध किती आलं, हे सांगायला आधीची पानं उलटावी लागतात. एडिटिंग म्हणजे सतत अशा मधल्याच तारखा विचारणं, म्हणून संगणक धापा टाकतो. आकडेच बघायचे तर आयफोनच्या नेहमीच्या पद्धतीत 30 फ्रेमच्या फोर-के व्हिडिओला मिनिटाला सुमारे 170 एमबी लागतात. ॲपलच्याच प्रोरेस या पद्धतीत फ्रेम न् फ्रेम वेगळी साठवली जाते आणि तोच आकडा मिनिटाला सुमारे 6 जीबीवर जातो. प्रोरेस कापायला हलकं, साठवायला जड.

यावर प्रॉक्सी हा मधला मार्ग आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची कमी दर्जाची हलकी नक्कल बनवतं, कापाकापी त्या नकलेवर होते आणि शेवटी रेंडर, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढण्याचं काम, मूळ क्लिपवरून होतं. रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो, फायनल कट प्रो यांत ही सोय आहेच, शिवाय केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरमध्येही आहे. तरी यंत्राची कुवत आधी तपासावी. रिझॉल्व्हला विंडोजवर 16 जीबी मेमरी हवी आणि त्यातला फ्यूजन हा इफेक्ट्सचा भाग वापरायचा तर 32. निम्म्या मेमरीच्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ते बसवलं तर शिकणाऱ्याचा उत्साह आठवड्यात मावळतो. तिथे शॉटकट किंवा विंडोजसोबत येणारं क्लिपचॅम्प जास्त उपयोगी पडतं. लिनक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तिथे फोनच्या नेहमीच्या एच.264 फाइल्स उघडत नाही.

मराठी माणसाने एक परीक्षा मात्र हटकून घ्यावी, ती शीर्षकांची. सॉफ्टवेअर बसवल्याबरोबर टायटलमध्ये ‘कार्तिकी’, ‘ज्ञानेश्वर’, ‘श्री विठ्ठल’, ‘ऱ्हस्व’ असे शब्द टाइप करून बघावेत. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षरानंतर टाइप होते पण आधी दिसते, रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरं आकार बदलतात. ही मांडणी करणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये नसेल किंवा बंद असेल, तर वेलांटी भलत्याच जागी जाते आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात. प्रीमिअर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. तो ठाऊक नसल्यामुळे कित्येकजण सॉफ्टवेअरलाच दोष देऊन मोकळे होतात. एकेक अक्षर उमटत जाणारे इफेक्ट्स वेगळे तपासावेत, कारण तिथे काना-मात्रा अक्षरापासून तुटण्याचा धोका असतो. काहीच जमलं नाही तर इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक तयार करून पारदर्शक चित्र म्हणून टाइमलाइनवर आणता येतं.

मग टिकाऊपणाचा मुद्दा. हौशी माणसाचं काम व्यावसायिकापेक्षा जास्त काळ जपलं जातं. मुंजीची फिल्म वीस वर्षांनी पुन्हा काढून बघितली जाते. विंडोज मूव्ही मेकर 2000 मध्ये आलं आणि जानेवारी 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर विवाव्हिडिओ हे एडिटिंगचं ॲपही होतं. ॲडोबीने 2013 मध्ये नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली; तिथे वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबतं. मूळ क्लिप्स आपल्याच डिस्कवर राहतात, पण कुठे काय कापलं याची नोंद असलेली प्रोजेक्ट फाइल बंद कपाटासारखी होते. म्हणून प्रत्येक काम संपल्यावर तीन गोष्टी एका ठिकाणी ठेवाव्यात: मूळ फुटेज, उत्तम दर्जाची तयार फिल्म आणि जमत असेल तिथे टाइमलाइनची एक्सएमएल फाइल. ज्या सॉफ्टवेअरमधून एक्सएमएल काढता येत नाही, त्यात वर्षानुवर्षांचं मोठं काम उभारू नये.

साधं सॉफ्टवेअर घेण्यात कमीपणा नाही, हे ठासून सांगायला हवं. कमी बटणं म्हणजे संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर तासाभरात काहीतरी पुरं होणं. व्यावसायिक सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी पहिले काही आठवडे ते शिकण्यात जातात, आणि वर्षातून दोन फिल्मा करणारा माणूस दर खेपेला निम्मं विसरलेला असतो. दर आठवड्याला काम करणारा, रंग आणि आवाज यांत खोल उतरू पाहणारा किंवा पुढे यातून चार पैसे मिळवायचा विचार असलेला माणूस मात्र साध्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं घालवून मग सवयी मोडत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच रिझॉल्व्हसारखं काही घेऊन बसला, तर त्याचं भलंच होईल.

निवड करताना इतरांची मतं वाचत बसण्यापेक्षा आपलंच फुटेज घ्यावं. आपल्याच फोनमधल्या, आपल्याच कार्यक्रमाच्या पाच मिनिटांच्या फिल्मसाठी दोन सॉफ्टवेअर बसवावीत आणि दोन्हींत काम शेवटापर्यंत न्यावं: क्लिप्स निवडणं, कापणं, आवाजाची पातळी सारखी करणं, मराठी शीर्षक, रेंडर. घोळ बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यांतच दिसतात, म्हणून अर्ध्यावर थांबू नये. फायनल कट प्रो मॅकवर ठरावीक मुदतीपुरतं विनामूल्य वापरून बघता येतं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांना तर मुदतच नाही.