रत्नांची नावे : वैडूर्य

नवरत्नांच्या अंगठीसाठी सराफाकडे वैडूर्य मागितले की तो लसण्याची पुडी उघडतो. हा केतूचा खडा. मधासारखा पिवळसर, वरून घुमटाकार घासलेला. दिव्याखाली धरून किंचित फिरवला की आतली पांढरी रेघ या कडेकडून त्या कडेला सरकते. मांजराच्या डोळ्यातली बाहुलीच जणू. मात्र चांगला लसण्या हे क्रिसोबेरिल नावाचे खनिज असते, आणि जुन्या काळी वैडूर्य म्हणत ते मुख्यतः बेरिलला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बेरिल सहा बाजूंच्या कांड्यांत वाढते, रंगाने बहुधा फिके हिरवे किंवा निळसर असते. पाचूही बेरिलच.

या नावाचा उगम शोधताना पहिला थांबा पाणिनीचा. विदूर येथून येते ते वैडूर्य, असे त्याचे सूत्र सांगते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला पतंजली महाभाष्यात त्यावर अगदी व्यवहारी शंका काढतो. हा मणी विदूरात निघतच नाही; निघतो वालवाय पर्वतावर, विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतात. मग सूत्र चुकले का? त्याचे एक उत्तर असे, की व्यापारी जसे वाराणसीला जित्वरी म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणतात. सूत्र वाचवण्याची ही धडपड मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे एक गोष्ट नोंदली गेली : खाण एकीकडे, कारागीर दुसरीकडे, आणि मालाला नाव कारागिरांच्या गावाचे. पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच राहते. नावाचे असेच असते.

पण पालीत हाच शब्द वेळुरिय असा आहे, आणि त्यातला ळ दक्षिणेकडे बोट दाखवतो. मूळ शब्द द्राविडी असावा, तो प्राकृतातून वर आला आणि पंडितांनी त्याला वैडूर्य असे संस्कृत रूप दिले, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. मलाही ते पटते, कारण जमीनही तीच साक्ष देते. तमिळनाडूच्या कोंगू भागात, कांगेयमजवळच्या पडियूरला बेरिलच्या जुन्या खाणी आहेत आणि त्याच कोइमतूर परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडले आहेत. रोमन लेखक प्लिनी इ. स. 77 च्या सुमारास लिहितो, की बेरिल भारतातून येते, इतरत्र क्वचितच मिळते आणि समुद्राच्या पाण्यासारखे हिरवे असेल ते सर्वांत उत्तम.

मालाबरोबर नावही जहाजात चढले. ग्रीकांनी बेरिलोस केले, रोमनांनी बेरिलस. पुढे युरोपात कुठल्याही स्वच्छ, पारदर्शक स्फटिकाला हे नाव चिकटले. अशा स्फटिकांची भिंगे घासली जात, म्हणून जर्मन माणूस आजही चष्म्याला ब्रिले म्हणतो. अरबी-फारसीत स्फटिकाला बिल्लूर म्हणतात, तोही याच घराण्यातला मानला जातो. तिथून तो मराठीत आला, आणि आपण बिलोरी आरसा, बिलोरी झुंबर म्हणू लागलो. म्हणजे दक्षिणेतून निघालेला शब्द मराठीला दोनदा मिळाला, एकदा संस्कृतातून आणि एकदा फारसीतून. त्यातला बिलोरी घराघरांत रुळला, वैडूर्य पूजेत आणि पत्रिकेत राहिले.

1798 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ वोक्लँ याने बेरिल आणि पाचू यांत एक नवे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. त्याचे क्षार चवीला गोड लागत, म्हणून गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्लुसिनियम म्हणू लागले. ते क्षार विषारी असतात हे तेव्हा ठाऊक नव्हते. ग्लुसिनियम आणि बेरिलवरून पडलेले बेरिलियम, ही दोन्ही नावे दीर्घकाळ चालली. अखेर 1949 मध्ये बेरिलियम हे नाव पक्के झाले. जेम्स वेब दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे 18 तुकडे याच हलक्या, ताठ धातूचे आहेत, वर सोन्याचा पातळ थर आहे.

आता पुन्हा सराफाचा खडा घेऊ. क्रिसोबेरिल हे बेरिलियम आणि ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड. म्हणजे वैडूर्य हे नाव बेरिलकडून लसण्याकडे गेले, तरी बेरिलियम दोघांतही आहेच. मात्र क्वार्ट्झचा स्वस्त लसण्याही बाजारात मिळतो, रेघ त्यातही सरकते, आणि त्यात बेरिलियम नसते. खडा घेताना प्रयोगशाळेच्या दाखल्यावर क्रिसोबेरिल लिहिले आहे का, तेवढे पाहून घ्यावे.