घरच्या दप्तराची दुसरी प्रत

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे कोसळली आणि घरात जे होते ते ढिगाऱ्याखाली गेले. आज खतपत्रे, छायाचित्रे आपण संगणकात ठेवतो. पण ती एकाच डिस्कवर असतील, तर धोका तोच आहे.

घरच्या जाळ्याला जोडावयाची साठवणपेटी घेताना आम्ही दोन गोष्टी पाहतो. पहिली, डिस्कचे खण दोन असावेत. 4 टेराबाइटच्या दोन डिस्क आरशाप्रमाणे जोडल्या, तर जागा 4 टेराबाइटच मिळते. परंतु एक बिघडली तरी काम अडत नाही. दुसरी, यूपीएसचा खर्च पेटीच्या किमतीतच धरावा. लिहिता लिहिता वीज गेली, तर नोंदी बिघडू शकतात. पैसे वाचवावयाचे असल्यास प्रोसेसर साधा घ्यावा. फायली राखण्यास तो पुरतो.

तथापि आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते आणि घर पडले तर पेटीही जाते. म्हणून आणखी एक प्रत बाह्य डिस्कवर घेऊन लातूरकरांनी नांदेडच्या आप्तांकडे आणि नांदेडकरांनी लातूरच्या आप्तांकडे ठेवावी. वर्षातून एकदा तिच्यातील फायली उघडून पाहाव्यात. एरवी प्रत घेतल्याचे समाधान फसवे ठरेल.