शालूची उलटी बाजू

दिवाळी सरून तुळशीचे लग्न लागले, की मराठी घरांतून लग्नाच्या याद्या होऊ लागतात. यादीत मुंडावळ्यांपासून रुखवतापर्यंत सारे काही असते. पण घरातल्या बायकांचे खरे लक्ष असते ते शालूकडे. शालू म्हणजे बनारसचा, हे सर्वांना ठाऊक असते. तो तिथे कोण विणतो, कसा विणतो आणि विणणाऱ्याच्या स्वतःच्या पदरात काय पडते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. दुकानात पांढऱ्या गादीवर शालू उलगडतो, दिव्यांच्या उजेडात जर लखलखते, आणि आपण 'जरा गडद रंग दाखवा' म्हणून मोकळे होतो.

कॉलेजला मोठी सुटी असते ती मे महिन्यात. तेव्हा आमची काशीयात्राही घडली ती मे महिन्यातच. काशीचा उन्हाळा काय असतो, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून समजायचे नाही. सकाळी दहा वाजताच घाटाच्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात, आणि दुपारी लू सुटली की सारे शहर दारे लावून बसते. तरीही मराठी माणसाला काशी परकी वाटत नाही. विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. पैठणच्या नाथांनी आपले भागवत पुरे केले तेही याच नगरीत, शके १४९५, म्हणजे १५७३ साली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूला तर मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

आमच्या यात्रेला दुसरेही एक निमित्त होते. धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि शालू काशीहूनच आणायचा, असे तिने मला बजावले होते. दुकानात जाण्याआधी तो विणला जाताना पाहावा, असे माझ्या मनाने घेतले. यजमानांनी एकवार बाहेरच्या उन्हाकडे पाहिले, निमूटपणे डोक्याला पंचा गुंडाळला, आणि आम्ही निघालो.

गोदौलियाहून सोनारपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मदनपुरा लागतो. ही विणकरांची जुनी वस्ती, बहुतेक घरे अन्सारी मुसलमानांची. गल्लीत शिरताच दोन आवाज ऐकू येतात. एक यंत्रमागाचा, अखंड खडखडणारा. त्यात दम घ्यायला जागा नाही. दुसरा हातमागाचा. तो खट्‌ करतो, थांबतो, पुन्हा खट्‌ करतो. पहिला जागोजाग ऐकू येत होता. दुसरा शोधीत आम्हाला तीन गल्ल्या पालथ्या घालाव्या लागल्या.

शेवटी एका घरात माग सापडला. खोली अंधारी, जमीन मातीची. जमिनीत खड्डा खणलेला, आणि त्यात पाय सोडून साठीच्या घरातले एक गृहस्थ विणीत बसलेले. कोपऱ्यात पंखा होता, पण त्याचे तोंड भिंतीकडे! मी आश्चर्याने पाहते आहेसे पाहून ते हसून म्हणाले, "बहनजी, वारा माणसाला हवा असतो, रेशमाला नको असतो. या कोरड्या हवेत धागा सुकला की तुटतो. खड्ड्याजवळ मातीचा ओलावा असतो, तो त्याला मानवतो." म्हणजे रेशमाची तब्येत सांभाळण्यासाठी माणसाने घामाने निथळायचे, असा तो हिशोब होता.

उभा ताणा म्हणजे पीळ दिलेल्या रेशमाचा, कतानचा. रेशीम येते मुख्यतः कर्नाटकातून. परदेशातून, विशेषतः चीनमधून आलेलेही वापरतात. जर बहुधा सुरतेची. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबलचक माळ टांगलेली असते. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ साली काढलेली ही युक्ती. जिथे भोक, तिथला धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खालीच राहतो. विणकर पायाने पावडी दाबतो, एक पुठ्ठा पुढे सरकतो आणि नक्षीची एक ओळ उघडते. हा माग येण्यापूर्वी हेच काम दोऱ्यांच्या जाळ्याने होत असे. विणकराशेजारी एक मदतनीस बसून त्या दोऱ्या ओढीत असे.

पण नक्षीची ओळ उघडली म्हणजे काम झाले, असे नव्हे. खरी करामत पुढे आहे. चाचांच्या मागावर 'कढुआ' काम चालले होते. यात प्रत्येक बुट्टीसाठी जरीची वेगळी छोटी कांडी असते. एका ओळीत जितक्या बुट्ट्या, तितक्या कांड्या. आणि दर ओळीला प्रत्येक कांडी हाताने त्या बुट्टीपुरतीच फिरवायची. मग धोटा टाकायचा, फणी मारायची आणि पुन्हा पहिल्या कांडीपासून सुरुवात. "दिवसभरात किती होते?" असे विचारल्यावर चाचांनी बोटे पसरून वीत दाखविली. एका साडीला दोन महिने लागतात. अंगभर वेलबुट्टीचा जंगला असेल, तर त्याहून कितीतरी अधिक.

एक गोष्ट मला विशेष वाटली. हे कापड विणताना त्याची उलटी बाजू वर असते, सुलटी खाली. विणकराला दिवसभर दिसते ती उलटीच बाजू. सुलटी पाहायची झाली, तर खाली आरसा धरावा लागतो. जी बाजू आपण मिरवतो, ती त्याला आरशात दिसते; आणि जी त्याच्या डोळ्यांसमोर असते, तिकडे आपण ढुंकूनही पाहत नाही.

आणि सारी ओळख तर तिथेच आहे! कढुआ कामात उलट्या बाजूला प्रत्येक बुट्टी आपल्या जागी नेटकी बंद झालेली दिसते. दोन बुट्ट्यांच्या मध्ये लोंबते धागे नसतात. दुसरा प्रकार 'फेकवा'. त्यात जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात, आणि मधले मोकळे धागे मागाहून कातरतात. तेही हातमागावर होते, पण श्रम कमी आणि किंमतही कमी. यंत्रमागाच्या नकलेतही पाठीमागे असेच लोंबते किंवा कातरलेले धागे सापडतात. आपल्या अस्सल पैठणीचे काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, हे येवल्याचा विणकर पदर उलटून अभिमानाने दाखवितो. बनारसी शालूचीही तशीच परीक्षा आहे. फक्त ती आपल्याला कोणी शिकविली नाही.

मी मजुरीचा विषय काढला. रेशीम, जर आणि नक्षी देतो तो 'गिरस्त', म्हणजे मोठा विणकर. त्याच्याकडून माल कोठीवाल्याकडे आणि तिथून दुकानांत जातो. चाचांना साडीमागे ठरलेली मजुरी मिळते. ती दिवसांवर वाटली, तर बांधकामावर विटा वाहणाऱ्याच्या रोजाहूनही कमी पडते. थोरला मुलगा सुरतेला यंत्रमागावर गेला आहे. आतल्या खोलीत चाचांची बायको आणि सून कांड्या भरीत होत्या. त्यांच्या कामाचे काय मिळते, असे मी विचारले. सून नुसती हसली. घरच्या बायकांचे काम मजुरीत धरायचे असते, हेच तिच्या कानी नवीन होते.

निघताना मी कबीराचा विषय काढला. महिपतींच्या 'भक्तविजया'मुळे काशीचा हा विणकर आपल्याकडे घरचा झाला आहे. चाचा म्हणाले, "ते आमच्याच पेशाचे. लोक त्यांची भजने गातात. माग कुणाला आठवतो?"

सरकारने काहीच केले नाही, असे नव्हे. २००९ साली बनारसी वस्त्रांना भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले. 'सिल्क मार्क' २००४ पासून आहे आणि 'हँडलूम मार्क' २००६ पासून. पण या दोहोंतला फरक गिऱ्हाइकाला ठाऊक हवा. पहिली खूण रेशीम शुद्ध असल्याचे सांगते. ते हाताने विणले की यंत्राने, हे सांगत नाही. ते सांगते ती दुसरी. यंत्रमागाचे कापड वाईट, असेही मला म्हणायचे नाही. तेही गरिबांचीच घरे चालविते, आणि ज्याला तेवढेच परवडते त्याने ते खुशाल घ्यावे. पण ते हातमागाचे म्हणून हातमागाच्या भावात विकले जाते, तेव्हा गिऱ्हाईक फसते आणि चाचांसारख्याचे दोन महिने मातीमोल होतात. त्याचा माल महाग ठरतो, पडून राहतो. पुढच्या वेळी गिरस्त त्याला मजुरी कमी सांगतो, आणि धाकटा मुलगाही सुरतेची गाडी पकडतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या लग्नसराईत शालू घ्यायला जाल, तेव्हा रंग पाहा, पोत पाहा, पदर खांद्यावर टाकून आरशातही पाहा. मग तो गादीवर पालथा घाला, बोट फिरवा आणि दुकानदाराला विचारा, "हा कढुआ की फेकवा? हातमागाचा आहे का? खूण दाखवा." तो आधी चमकेल. पण दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारले, तर त्याला कोठीवाल्याला विचारावे लागेल आणि कोठीवाल्याला गिरस्ताला. अशा रीतीने आपला प्रश्न त्या मातीच्या खोलीपर्यंत जाऊन पोचेल. तिथे हातमागाचा आवाज अजून चालू आहे, तोवरच हे विचारण्यात अर्थ आहे.