रेंज फुल, तरी तास अडकतो? नवा फोन घेण्याआधी हे तपासा

नागाव (ता. अलिबाग) : फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा अडकलेला आणि मधोमध गोल चक्र फिरतंय. पोरगं वैतागतं, घरातले म्हणतात फोन जुना झाला, आणि दहा-बारा हजारांचा नवा फोन घरात येतो. आठ दिवसांनी त्या नव्या फोनवरही तेच चक्र फिरायला लागतं. कारण दोष फोनमध्ये नव्हताच.

शाळा पुन्हा भरू लागल्या तरी ऑनलाइन अभ्यास सुटलेला नाही. स्पर्धा परीक्षांचे क्लास, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कोर्स, नीट-सीईटीची तयारी, अतिवृष्टीच्या सुट्टीत शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला अभ्यास, हे सगळं फोनवरच चालतं. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातून रोज अलिबागला क्लासला जायचं तर भाडं आणि वेळ दोन्ही जातात. त्यामुळे घरातला तास बुडाला की नुकसान खरंखुरं होतं.

या किनाऱ्याने हे सगळ्यात वाईट रूपात 2020 साली पाहिलं. करोनामुळे मार्चपासून शाळा बंद होत्या आणि जूनमध्ये नवं वर्ष ऑनलाइन सुरू करायची तयारी चालली होती. तेवढ्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाड्यांतली नारळ-सुपारीची झाडं आडवी झाली, जिल्ह्यात विजेचे हजारो खांब पडले, लाइट गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइलही मुका झाला. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांची. जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेलच्या गाडीला मोकळा रस्ता लागतो. ज्या महिन्यात राज्यभरची मुलं स्क्रीनवर धडे घेऊ लागली, त्या महिन्यात रायगडच्या अनेक गावांत फोन चार्ज कुठे करायचा हाच प्रश्न होता.

त्या वेळचा अडथळा लगेच ओळखू येत होता, इतर दिवशी तो लपलेला असतो. धडा तुमच्यापर्यंत येताना वीज, टॉवर, डेटा, फोन आणि ॲप अशा पाच ठिकाणांहून येतो. यातलं कुठलंही एक अडलं तरी पडद्यावर चक्र तेच दिसतं. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधायचं.

दोन मिनिटांची तपासणी

व्हॉट्सॲपवर एक साधा मेसेज पाठवून बघा. तोही जात नसेल तर अडचण नेटची आहे, क्लासच्या ॲपची नाही. मग घरातला त्याच कंपनीच्या सिमचा दुसरा फोन बघा. दोन्हीकडे बंद असेल तर टॉवरकडची गडबड समजा, फोनच्या सेटिंगशी खेळत बसू नका. एकाच फोनवर बंद असेल तर विमानाचं चिन्ह असलेला एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा. फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो आणि बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मेसेज जातो, यूट्यूबही चालतं, फक्त क्लास उघडत नाही असं असेल तर ॲप अपडेट करा, किंवा शिक्षकांकडून लिंक पुन्हा मागवा.

रेंजच्या काड्यांवर फार विश्वास ठेवू नये. काड्या टॉवरचा आवाज किती मोठ्याने येतोय एवढंच सांगतात, त्या टॉवरवर गर्दी किती आहे ते सांगत नाहीत. शनिवार-रविवारी नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या लागल्या की तेवढे फोनही त्याच टॉवरवर येतात. काड्या फुल आणि नेट मेलेलं, यात काही गूढ नाही. अशा दिवशी रेकॉर्ड केलेला धडा पहाटे किंवा रात्री उशिरा उतरवून घेतलेला बरा.

घर वाडीत असेल तर आणखी एक गोष्ट. दाट, ओली झाडी आणि जाड भिंती सिग्नल खातात, पत्रा तर तो परतवूनच लावतो. माजघरात बसून तास अडकत असेल तर पडवीत किंवा माडीवर खिडकीशी बसून बघा. मुलाला तिथे बसायला जागा नसेल तर एक फोन खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट आतल्या फोनवर घेता येतो. मात्र हॉटस्पॉट चालू असताना डेटा खिडकीतल्या फोनच्या सिमचा जातो, आणि तो फोन तापतोही. उन्हात ठेवू नका, पावसाच्या झडीत तर नकोच.

डेटा कुठे जातो?

सगळ्यात जास्त घरांत अडचण इथे असते, आणि ती आकड्यांत समजून घेण्यासारखी आहे. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर कॅमेरा चालू ठेवून घेतलेला एक तासाचा वर्ग साधारण अर्धा ते एक जीबी खाऊ शकतो. दोन भावंडं एकाच हॉटस्पॉटवर असली की दुपारपर्यंत खेळ खलास. रोजची मर्यादा संपली की बऱ्याच प्लॅनमध्ये नेट पूर्ण बंद होत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो. एवढ्या वेगात अख्ख्या तासाला मिळून 29 एमबीसुद्धा येत नाहीत. म्हणजे व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, घरच्यांना वाटतं नेट आहे, पण व्हिडिओ हलत नाही.

उपाय खर्चाचा नाही. मुलाने स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला, शिक्षकांनी सक्ती केली नसेल तर, की पाठवायचा डेटा वाचतो. यूट्यूबवर धडा बघताना गुणवत्ता 360 वर आणा. फळ्यावरची अक्षरं वाचता येत असतील तर 240 सुद्धा पुरतं. सेटिंगमध्ये डेटा सेव्हर चालू ठेवा. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधल्या 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. गावच्या, भावकीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे सकाळचे फुलांचे फोटो हे डेटाही खातात आणि फोनची जागाही.

फोनचे आजार

फोनची जागा पूर्ण भरली की ॲप उघडत नाहीत, अपडेट होत नाहीत, फोन अडखळतो. आठ-दहा टक्के तरी मोकळं ठेवा. जागा करताना मात्र सावध. ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' अशी दोन बटणं शेजारी असतात. पहिलं दाबलं तर फक्त कचरा जातो. दुसरं दाबलं तर लॉगिन आणि उतरवून ठेवलेले धडेही पुसले जाऊ शकतात. घाईत बोट चुकीच्या बटणावर पडतं आणि मग परीक्षेच्या आदल्या दिवशी पासवर्ड आठवत बसावं लागतं.

फोन बरेच दिवस बंद राहिला असेल तर तारीख-वेळ बघा. ती चुकीची असली की वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं सांगून उघडतच नाही. साइटचं प्रमाणपत्र आजच्या तारखेला चालू आहे का हे फोन स्वतःच्या घड्याळावरून ताडून पाहतो, आणि घड्याळच चुकलेलं असतं. तारीख 'ऑटोमॅटिक' वर ठेवली की प्रश्न मिटतो. दुकानात न्यायची गरज नाही.

दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक गंमत होते. डेटा एका सिमवर चालू असतो आणि दुसऱ्या सिमवर आत्याचा फोन येतो. बहुतेक फोनमध्ये तो उचलला की पहिल्या सिमचं नेट थांबतं आणि मुलगा वर्गाबाहेर फेकला जातो. तासापुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद ठेवता येतं.

आणि तास बरोबर 40 मिनिटांनी तुटत असेल तर कोणालाच दोष देऊ नका. झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक 40 मिनिटांनंतर चालत नाही. गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की मोफत मर्यादा 60 मिनिटांची. शिक्षकांनी पुन्हा बैठक सुरू केली की लिंकवरून परत आत जाता येतं. वर्गात आवाज घुमत असेल तर एकाच खोलीत दोन फोन त्याच वर्गात आहेत का बघा. एकाचा आवाज आणि माइक बंद करा. आपला आवाज समोर जातच नसेल तर त्या ॲपला माइकची परवानगी दिली आहे का तपासा.

ढग दिसायच्या आधी

पावसाळ्यात या भागात लाइट जाणं काही नवं नाही. हवामान खात्याचा इशारा आला की पॉवर बँक आणि फोन चार्ज करतो, तसेच धडेही भरून ठेवावेत. दीक्षा ॲपवरचे धडे नेट असताना उतरवून घेतले की नंतर नेटशिवाय चालतात. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपच्या आतूनच स्कॅन करा, साध्या कॅमेऱ्याने धडा उघडेलच असं नाही. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात.

नेटवरच सगळं अवलंबून नसावं हे 2020 मध्येही ओळखलं गेलं होतं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीची मालिका त्या वर्षी 20 जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, तिला ना रिचार्ज लागत होता ना लिंक.

राहिला ओटीपी. बऱ्याच घरांत क्लासचं खातं वडिलांच्या नंबरवर असतं आणि वडील कामावर किंवा होडीवर. "बाबा, ओटीपी आला का?" म्हणेपर्यंत वेळ संपते. खातं घरात राहणाऱ्या फोनच्या नंबरवर काढा, किंवा लॉगिन आदल्या रात्री करून ठेवा. ओटीपी घरातल्या घरात सांगायला हरकत नाही, पण 'क्लासमधून बोलतोय' म्हणत फोनवर तो मागणाऱ्याला देऊ नका. 'ऑनलाइन शिक्षणासाठी मोफत रिचार्ज' अशी लिंक आली तर दाबू नका, आणि अडचण सोडवतो म्हणून कोणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त.