वर्गातली झेरॉक्स गुन्हा नाही

शाळा उघडायच्या सुमारास बनावट पाठ्यपुस्तकांवरच्या छाप्यांच्या बातम्या येतात. परवानगीशिवाय आपला मजकूर छापणाऱ्या प्रकाशकांना एनसीईआरटीने एप्रिल २०२४ मध्ये कारवाईचा इशारा दिला, तो योग्यच होता. पण या बातम्यांचा धसका छापखानेवाल्यांपेक्षा शिक्षकच जास्त घेतात. धड्याला पूरक म्हणून एखाद्या कथासंग्रहातली चार पानं झेरॉक्स करून वाटायची म्हटलं, की ‘कॉपीराइट लागेल’ ही भीती आडवी येते. या भीतीला कायद्याचा आधार नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सांगतं, की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल हा हक्कभंग नाही. प्रश्नपत्रिकेतल्या उताऱ्यालाही हीच मुभा आहे. पण अध्यापनाचा ओघ कुठवर धरायचा? याचं उत्तर एका झेरॉक्सच्या दुकानाने मिळवून दिलं.

२०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना देत असे. विद्यार्थी आणि प्राध्यापक संघटना करून खटल्यात उतरले. कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर त्यांत आघाडीवर होते. गरीब घरातल्या मुलांना विधी महाविद्यालयांची दारं उघडावीत म्हणून ‘आयडिया’ ही संस्था उभारणारे हेच बशीर. २०१९ मध्ये ते अकाली गेले, पण देशातल्या प्रत्येक वर्गावर त्यांचं ऋण आहे.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांच्या विद्यार्थिदशेत मुलं ग्रंथालयात आळीपाळीने बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घेत. तेव्हा जे चालत होतं, ते यंत्राने केलं म्हणून बेकायदा ठरत नाही, असं त्यांनी म्हटलं. डिसेंबरमध्ये अपिलात खंडपीठानेही अध्यापनाचा अर्थ तासापुरता ठेवला नाही. शिकवण्याच्या उद्देशाला लागेल तेवढी नक्कल रास्त, ही कसोटी घालून दिली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. निकाल दिल्लीचा असला, तरी कलम ५२ देशभर एकच आहे.

स्नेहसंमेलनाचंही तसंच. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या कार्यक्रमात नाटक केलं, गाणं म्हटलं, तर कायदा आड येत नाही. चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण लावायचं असेल, तर प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच हवेत. तोच कार्यक्रम यूट्यूबवर चढवला, की ही मुभा गृहीत धरता येत नाही.

लेखकाचा हक्कही मी तितकाच मोलाचा मानतो. तो त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. मराठी बालसाहित्याच्या आवृत्त्या आधीच लहान; शाळेने अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटलं, तर पुढचं पुस्तक लिहिणार कोण? अशी पुस्तकं ग्रंथालयासाठी विकतच घ्यायला हवीत. पण चार पानांसाठी शिक्षकाने घाबरायचं कारण नाही. शिक्षण विभागाने ही मुभा आणि तिच्या मर्यादा सोप्या मराठीत, एका पानाच्या परिपत्रकात, प्रत्येक शाळेला कळवाव्यात. कायदा शिक्षकाच्या बाजूने आहे, हे त्याला अधिकृतपणे कळायलाच हवं.