काचेतून शंभर किलोमीटर

खिडकीची साधी काच समोरून पाहिली की पलीकडचं सगळं स्वच्छ दिसतं. तीच काच चौकटीतून काढा आणि तिच्या कडेतून आरपार पाहायचा प्रयत्न करा. कड हिरवीगार दिसते, पलीकडचं काहीच दिसत नाही. चार-पाच मिलिमीटर जाडीतून सुखरूप जाणारा उजेड दोन-तीन फूट काचेत विरून जातो, कारण वाळूबरोबर आलेलं किंचितसं लोह तो पिऊन टाकतं. ऑप्टिकल फायबरची खरी गोष्ट या हिरव्या कडेपासून सुरू होते.

फायबर म्हटलं की बोलणं वेगावर येतं. पण काचेत उजेड उलट मंदावतो. हवेत तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तर काचेत जेमतेम दोन लाख. तांब्याच्या तारेतला विजेचा संदेशही काही फार मागे नसतो. फरक पडतो तो एका वेळी किती मजकूर जातो आणि न विझता किती लांब जातो, यात. लेसर सेकंदाला अब्जावधी वेळा लुकलुकवता येतो आणि एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचे अनेक लेसर एकमेकांत न मिसळता जातात. तांब्याला हे झेपत नाही. राहता राहिला प्रश्न विझण्याचा, आणि त्यासाठी माणसांनी फार कष्ट उपसले आहेत.

उजेडाला वळवणं त्यामानाने लवकर जमलं. 1840च्या दशकात जिनिव्हात दानिएल कोलादों या शास्त्रज्ञाने पाण्याच्या धारेत उजेड सोडून दाखवला. धार वाकली तसा उजेडही तिच्याबरोबर वाकला. विहिरीत बुडी मारून ज्याने तिरकं वर पाहिलं असेल, त्याला यामागचं कारण डोळ्यांनी माहीत आहे. पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा चकाकतो. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे फार तिरका गेलेला किरण बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. शाळेत याला आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकतो.

फायबरमध्ये हीच व्यवस्था काचेत काच ठेवून केलेली असते. लांब पल्ल्याच्या तंतूची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा थोडी जास्त. त्याच्या मधोमध साधारण 9 मायक्रॉनचा गाभा. गाभ्याच्या काचेत किंचित जर्मेनियम मिसळलेलं असतं, त्यामुळे तो भोवतालच्या काचेपेक्षा प्रकाशाच्या दृष्टीने जरा दाट होतो आणि उजेड त्यातच कोंडून राहतो. इतक्या अरुंद वाटेत उजेड लाटेसारखा वागतो, भिंतींवर आपटत जाणाऱ्या किरणाचं चित्र तिथे थोडं अपुरं पडतं. समजून घ्यायला मात्र ते पुरेसं आहे.

पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या हजारो तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पलीकडे नेलं. त्यांचा निबंध 1954 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्दही 1960 मध्ये कपानींनीच रूढ केला. त्या निबंधानंतर तीन वर्षांतच, 1957 मध्ये, अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी तंतूंची लवचिक नळी पोटात उतरवून जठर आतून पाहिलं. आधी ती त्यांनी स्वतःच्याच घशाखाली घातली होती. लवचिक दुर्बिणीने पोटाची तपासणी आज तालुक्याच्या गावीही होते, ती इथून सुरू झाली.

पोटात शिरायला हात-दोन हात लांबी पुरते. फोन न्यायचा तर मैलोन्मैल. साठच्या दशकातल्या तंतूत वीस मीटरवर उजेडाचा शंभरातला एकच भाग उरायचा. 1966 मध्ये इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. एक किलोमीटरवर तो शंभरातला एक भाग उरला, तरी टेलिफोन चालेल. वीस मीटरवरून एक किलोमीटरवर! पुष्कळांना ते अशक्य वाटलं. चारच वर्षांनी कॉर्निंग कंपनीतल्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी किलोमीटरभरावर दोन टक्के उजेड उरवून दाखवला. काओंना 2009 मध्ये नोबेल मिळालं.

युक्ती अशी की वाळू वितळवायचीच नाही. सिलिकॉनच्या संयुगाची वाफ करून ती ज्वाळेत किंवा तापलेल्या नळीत ऑक्सिजनशी भेटवायची आणि काच काजळीसारखी थर थर जमू द्यायची. ज्या तापमानाला त्या संयुगाची वाफ होते, त्या तापमानाला लोहाची होत नाही, ते मागेच राहतं. जमलेल्या काचेच्या कांडीला प्रीफॉर्म म्हणतात. उंच मनोऱ्यावर तिचं टोक दोन हजार अंशांच्या आसपास तापवलं की पाकाची तार सुटावी तसा तंतू खाली उतरत राहतो, एका कांडीतून शेकडो किलोमीटर. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत हे काम चालतं. आणि टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी देशातली पहिली फायबर लाइन 1979 मध्ये पुण्यातच सुरू झाली, हे पुणेकरांनी अभिमानाने सांगावं असं आहे.

आजच्या चांगल्या तंतूत तो शंभरातला एक भाग उरतो शंभर किलोमीटरवर. समुद्राच्या तळाशी साधारण तेवढ्याच अंतरांवर उजेडाला पुन्हा बळ देणारी यंत्रं बसवलेली असतात. वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या केबल अशाच युरोपपर्यंत पोचतात. 2008 च्या जानेवारीत इजिप्तजवळ भूमध्य समुद्रात केबल तुटल्या आणि इकडे भारतातलं इंटरनेट रखडलं.

जमिनीवर केबल तोडायला जेसीबी पुरतो. गेल्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या खोदाईत, आमच्या कोपऱ्यावर हेच झालं आणि घरातल्या इंटरनेटच्या डबीवर लाल लाइट लागला. संध्याकाळी खड्ड्याच्या कडेला छत्रीखाली घडीचं टेबल मांडून एक तरुण बसला होता. समोर बारा रंगांचे तंतू पसरलेले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. मी वाकून पाहू लागलो तसा म्हणाला, "काका, चप्पल घालूनच उभे राहा. तुकडा पायात गेला तर दिसणारपण नाही." प्रत्येक तुकडा तो चिमट्याने उचलून बाटलीत टाकत होता.

तंतूवर आधी बारीक नळी सरकवायची, ती विसरली की जोड तोडून पहिल्यापासून सुरुवात. मग रंगाचं वेष्टण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, छोट्या कटरने सरळ छेद घ्यायचा. दोन्ही टोकं यंत्रात ठेवली की पडद्यावर ती समोरासमोर आलेल्या दोन खांबांसारखी दिसतात. यंत्र त्यांना आपणहून एका रेषेत आणतं, क्षणभर निळी ठिणगी पडते आणि दोन खांबांचा एक होतो. जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नाही.

निळ्या तंतूचा जोड झाल्यावर त्याने पडद्यावरचा आकडा मला दाखवला: 0.02. शंभर मीटर काचेत उजेड जेवढा खर्ची पडतो, तेवढाच त्या जोडात पडला होता. नळी तापवून त्याने जोडावर बसवली, तंतू ट्रेमध्ये गोल फिरवून ठेवला आणि नारिंगी उचलला.