जुन्या गाडीच्या इंजिनात गाळ साचलाय का? फ्लशिंग करण्याआधी झाकण उघडून बघा

गणपती-दसऱ्याच्या तोंडावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी गाडी घेण्यासाठी अनेकांची धावपळ सुरू असते. टायर बघितले जातात, रंग बघितला जातो, किलोमीटर विचारले जातात. बॉनेट उघडल्यावर इंजिन पुसून चकचकीत केलेलं दिसलं की ‘इंजिन टकाटक आहे’ असं सांगून व्यवहार उरकला जातो. पण इंजिनावर ऑइल ओतायचं जे झाकण असतं, ते फिरवून आत डोकावणारे फार थोडे. खरं तर या अर्ध्या मिनिटाच्या कामात गाडीच्या मागच्या दहा वर्षांची हकीकत कळते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ५-५ वर्षांसाठी ती वाढवून मिळते. त्यामुळे १२-१५ वर्षांच्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत आणि पुढेही राहणार आहेत. अशा गाडीचं इंजिन अचानक बसण्यामागे ऑइलचा गाळ हे एक मोठं कारण असतं. हा गाळ एका दिवसात होत नाही, आणि एका दिवसात काढायला गेलं तर कधी कधी इंजिनच हातचं जातं.

गाळ होतो कसा?

इंजिन ऑइलचं काम फक्त वंगणाचं नाही. ते इंजिन थंड ठेवतं आणि जळणातून निघालेली काजळी स्वतःत धरून ठेवतं. त्यासाठी ऑइलमध्ये रसायनं मिसळलेली असतात. ती रसायनं ठरावीक दिवसांनी संपतात. मग काजळी, अर्धवट जळलेलं इंधन, पाण्याचा अंश आणि उष्णतेने बिघडलेलं ऑइल एकत्र येऊन घट्ट व्हायला लागतं. आधी आतल्या भागांवर तपकिरी थर चढतो, मग ग्रीससारखा मऊ गाळ होतो आणि शेवटी डांबरासारखा काळा गोळा.

यातला पाण्याचा भाग बऱ्याच जणांना पटत नाही. इंजिनात पाणी येईल कुठून? तर एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण थोडे वायू पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतात. इंजिन चांगलं तापलं तर ही वाफ ब्रीदरच्या वाटेने निघून जाते. तापलं नाही तर ती आत थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते.

म्हणूनच ‘गाडी फारशी फिरलेली नाही’ ही प्रत्येक वेळी जमेची बाजू नसते. टिळकवाडीतून मुलांना शाळेत सोडायचं, तिथून खडेबाजारात जायचं आणि घरी परतायचं, एवढीच गाडी वर्षभर फिरत असेल तर तिचं ऑइल पुरेसं तापतच नाही. टेम्परेचरचा काटा वर आला म्हणजे कुलंट तापलं. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन येणाऱ्या गाडीचे किलोमीटर जास्त दिसतील, पण इंजिन आतून स्वच्छ असू शकतं.

याला आणखी दोन कारणं जोडली जातात. एक म्हणजे चोंदलेला ब्रीदर पाईप किंवा त्यातला पीसीव्ही वॉल्व. इंजिनातली वाफ बाहेर काढायची वाटच बंद झाली की गाळ झपाट्याने वाढतो. दुसरं कारण आपल्याकडच्या जुन्या सवयीचं. गाडी तापते म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. गाडी तापायची थांबते, मालक खूश होतो. पण मग इंजिन कायमच गरजेपेक्षा थंड चालतं आणि आत पाणी साचत राहतं. रेडिएटर चोंदलाय किंवा पंखा बंद आहे, ते दुरुस्त करायचं सोडून केलेला हा उपाय महागात पडतो.

कंपनीच्या नावावर विसंबून चालत नाही

हा दोष फक्त स्वस्त किंवा निष्काळजीपणे वापरलेल्या गाड्यांत येतो, असंही नाही. अमेरिकेत टोयोटाच्या १९९७ ते २००२ मॉडेलच्या गाड्यांतल्या २.२ लिटर आणि ३ लिटर पेट्रोल इंजिनांमध्ये गाळ होण्याच्या तक्रारी आल्या होत्या. ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून असं झालं, हे कंपनीचं म्हणणं. आम्ही बदललं होतं, हे अनेक मालकांचं म्हणणं. शेवटी २००२ साली कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी खास योजना जाहीर केली आणि गाडी पहिल्यांदा विकल्यापासून ८ वर्षांपर्यंत या दोषाची दुरुस्ती करून देण्याचं मान्य केलं. काही इंजिनं ऑइलच्या बाबतीत इतरांपेक्षा नाजूक असतात, एवढं यावरून कळतं. टर्बो असलेल्या गाड्याही त्यातल्याच. टर्बोत ऑइल फार तापतं आणि लवकर बिघडतं.

घरी काय तपासायचं?

गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन थंड असताना पुढच्या गोष्टी बघाव्यात.

१. ऑइलचं झाकण: झाकण काढून त्याची आतली बाजू बघावी. पातळ ऑइलचा ओलावा असेल तर ठीक. चहाच्या रंगाचा पातळ थर असला तरी जुन्या गाडीत घाबरायचं कारण नाही. बोटाने खरवडल्यावर काळा लगदा निघत असेल तर मात्र पुढे बघायला हवं.

२. आतला भाग: मोबाइलची बॅटरी लावून तोंडातून आत बघावं. कॅमशाफ्ट किंवा रॉकरचा धातू दिसला तर चांगलं. सगळं काळ्या थराखाली गाडलेलं दिसलं तर गाळ आहे. काही गाड्यांत तोंडाखाली पत्रा असतो, तिथे आतलं दिसत नाही.

३. डिपस्टिक: ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घालून पातळी बघावी. थेंब दोन बोटांत चोळावा. खरखर लागली किंवा गुठळ्या दिसल्या तर वाईट लक्षण. मात्र नुसता काळा रंग म्हणजे गाळ नव्हे. डिझेल गाडीत तर नवीन ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करत असतं.

४. दुधासारखा फेस: झाकणाखाली पिवळसर पांढरा, लोण्यासारखा लगदा दिसला की लोक घाबरतात. पावसाळ्यात थोड्या अंतरावरच फिरणाऱ्या गाडीत तो होतो आणि चांगली तासभर गाडी पळवली की बहुधा जातो. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, कुलंट कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर हेड गास्केट फुटल्याची शंका घ्यावी. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडू नये.

५. ऑइलचा लाल दिवा: चावी फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. विझायला वेळ लागत असेल किंवा गरम इंजिन सिग्नलला उभं असताना लुकलुकत असेल, तर प्रेशर कमी आहे. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल तर जुनी गाडी घेताना जास्त सावध व्हावं. बल्ब गेलेला असू शकतो, वायर काढलेलीही असू शकते.

६. आवाज: सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर वरच्या बाजूला टकटक आवाज बराच वेळ येत राहिला, तर ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतंय.

यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर मेस्त्रीकडून टॅपेट कव्हर उघडून घ्यावं आणि गेज लावून ऑइलचं प्रेशर मोजून घ्यावं. कव्हर परत बसवताना गास्केट बदलायचा खर्च येतो, पण डोळ्यांनी बघितल्यावर अंदाजाचा प्रश्न राहत नाही.

फ्लशिंग कधी, आणि कधी नको?

गाळ दिसला की पहिला सल्ला मिळतो तो फ्लशिंगचा. बाटली ओता, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, ऑइल काढा, झालं. काही ठिकाणी बाटलीऐवजी डिझेल किंवा रॉकेल ओतलं जातं. नेमका घोटाळा होतो तो इथे.

चेंबरच्या तळाशी पंपाच्या तोंडावर एक जाळी असते. सगळं ऑइल या जाळीतून वर ओढलं जातं. घट्ट झालेला गाळ फ्लशिंगने पूर्ण विरघळत नाही, त्याचे तुकडे सुटतात. ते वाहत खाली येतात आणि जाळीवर बसतात. ऑइल पातळीला बरोबर असतं, पण वर पोचत नाही. बेअरिंग कोरडं पडतं आणि इंजिन जाम होतं. ‘काल सर्व्हिसिंग केलं आणि आज इंजिन बसलं’ अशा तक्रारींच्या मुळाशी हेही असू शकतं. रॉकेल-डिझेलचा धोका आणखी वेगळा. ते ऑइल पातळ करतं, त्यामुळे बेअरिंगवरचा वंगणाचा थर तुटतो. शिवाय ते सगळं बाहेर निघत नाही, थोडं नवीन ऑइलमध्ये राहतंच.

म्हणून उपाय गाळ किती आहे त्यावर ठरवावा.

नुसता तपकिरी थर असेल तर फ्लशिंगची गरज नाही. चांगलं ऑइल वापरून वेळेवर बदलत राहिलं की पुरे.

मऊ, पातळ गाळ असेल तर हळूहळू साफ करणं सुरक्षित. ऑइल आणि फिल्टर बदलावं, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा दोन्ही बदलावं, आणि मग काही काळ दर ३ हजार किलोमीटरला बदलत राहावं. नवीन ऑइलमधली रसायनं गाळ थोडा थोडा सोडवतात आणि फिल्टर तो अडवतं. फ्लश वापरायचाच असेल तर बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ, गाडी जागेवर उभी ठेवून, रेस न करता. फ्लश घातलेली गाडी रस्त्यावर चालवू नये.

डांबरासारखा घट्ट गाळ असेल तर फ्लशला हात लावू नये. टॅपेट कव्हर आणि खालचा चेंबर उतरवून हाताने साफ करणं हाच मार्ग. जाळी काढून धुवावी, खराब असेल तर बदलावी. वरचा भाग साफ करताना ऑइल खाली जायच्या भोकांत कापड घालावं, नाहीतर खरवडलेला गाळ तिथूनच आत जातो. आणि काम झाल्यावर ती कापडं मोजून बाहेर काढावीत. ब्रीदर पाईप आणि पीसीव्ही वॉल्व साफ केल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही, काही महिन्यांत गाळ परत येतो.

एक गोष्ट मेस्त्रीने आधीच सांगायला हवी आणि मालकानेही समजून घ्यायला हवी. जुन्या इंजिनात कडक झालेल्या सीलच्या फटी गाळानेच बुजलेल्या असतात. गाळ निघाल्यावर ऑइल गळायला लागू शकतं. ते मेस्त्रीने बिघडवलं असं नव्हे, बिघडलेलं दिसायला लागलं इतकंच.

पुढे गाळ होऊ नये म्हणून

ऑइल किलोमीटरवर बदलायचं की महिन्यांवर, हा नेहमीचा प्रश्न. जे आधी येईल त्यावर, हे उत्तर. गाडी वर्षात दोनच हजार किलोमीटर फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं. गाडीच्या पुस्तकातला ग्रेड बघावा. एपीआयच्या वर्गवारीत पेट्रोल गाड्यांसाठी एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी अक्षरं पुढे पुढे जातात, दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवीन. जुन्या पेट्रोल गाडीत नवीन दर्जाचं ऑइल चालतं, फक्त जाडीचा आकडा पुस्तकाप्रमाणे असावा. ऑइल नेहमीच्या, ओळखीच्या दुकानातून बिलासह घ्यावं, सील तपासावं आणि रिकामा कॅन कापून टाकावा, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरून विकणार नाही.

काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. शहरातल्या गटारींचं पाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं आणि पावसाळ्यात हाच नाला शहापूर, वडगाव शिवारातल्या भातशेतीत पसरतो, हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

हिशेब सोपा आहे. ऑइल आणि फिल्टरचा खर्च हजारांत मोजता येतो. क्रँक, बेअरिंग, पिस्टनचं काम निघालं तर आकडा दहा हजारांच्या पटीत जातो आणि जुन्या गाडीची किंमतच तेवढी उरलेली नसते. गाडी बघायला जाताना मालकाला ‘इंजिन थंडच ठेवा, आम्ही येऊन सुरू करतो’ असं आधी सांगावं आणि सौदा ठरवण्यापूर्वी झाकण फिरवून आत बघावं. झाकण उघडू द्यायला मालक नाही म्हणत असेल, तर दुसरी गाडी बघितलेली बरी.